दोन पट्ट्या की एक फळी?

जळगाव जिल्ह्याला बर्फ ठाऊक आहे तो गारपिटीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या दुपारी आभाळ काळवंडतं, दहा मिनिटं गारा कोसळतात आणि रावेर-यावलकडच्या केळीची पानं चिंध्या होऊन लोंबू लागतात. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो, गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात, पण अंगणातल्या बादलीवर काही साय धरत नाही. मे महिन्यात तर हाच पारा 45 च्या आसपास घुटमळत असतो. अशा मुलखातल्या माणसाने स्की शिकावं की स्नोबोर्ड, हा प्रश्न वरवर चेष्टेचा वाटेल. पण पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करतच पुढे जाते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मनाली गाठणारी कुटुंबं आता तालुक्याच्या गावांतही सापडतात. रोहतांगच्या वाटेवर भाड्याचा फरकोट आणि गमबूट चढवायचे, मळकट झालेल्या उरल्यासुरल्या बर्फावर कुणीतरी पायांत स्की अडकवून दहा पावलं ढकलून द्यायचं, फोटो काढायचा आणि उतरायचं, एवढीच बहुतेकांची या खेळाशी ओळख. त्या दहा पावलांनी ज्याला चटक लागते, त्याच्यापुढे परत आल्यावर हा प्रश्न खरोखर उभा राहतो: पुढच्या वेळी नीट शिकायचं, तर दोन पायांना दोन पट्ट्या बांधायच्या की दोन्ही पाय एकाच फळीवर?

प्रशिक्षकांच्या तोंडी एक ठरलेलं उत्तर असतं. स्की शिकायला सोपं पण मुरायला कठीण. स्नोबोर्ड शिकायला कठीण पण मुरायला सोपा. हे बऱ्याच अंशी खरं आहे. मात्र त्यात एक हिशेब गृहीत धरलेला असतो आणि तो आपला नसतो. म्युनिक किंवा डेन्व्हरमध्ये राहणाऱ्या माणसाला हिवाळ्यातले दहा-वीस शनिवार-रविवार मिळतात. पहिले तीन दिवस पडण्यात गेले तरी चौथ्यापासून वसुली सुरू होते आणि पुढे वर्षानुवर्षं चालते. जळगावहून निघालेल्या माणसाला रजा, रेल्वेचं आरक्षण, श्रीनगर किंवा मनालीपर्यंतचा पुढचा प्रवास, हे सगळं वजा जाता बर्फावर पाच-सहा दिवस मिळतात, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा. म्हणून निवड करताना ‘शेवटी कशात जास्त मजा’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘मला बर्फावर किती दिवस मिळणार’ हा प्रश्न आधी विचारावा, असं माझं म्हणणं आहे. आणि तो विचारला की खान्देशातल्या बहुतेक नवख्यांसाठी उत्तर स्कीच निघतं.

कारण शरीराच्या रचनेत आहे. स्कीवर माणूस जिकडे जायचं तिकडे तोंड करून उभा असतो, चालताना किंवा सायकलवर असतो तसाच. दोन्ही पाय मोकळे. एक घसरला तर दुसरा सावरतो, हातात दोन काठ्या असतात त्या वेगळ्याच. पहिल्या दिवशी शिकवतात ती युक्ती साधी आहे. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची, म्हणजे वरून पाहिल्यास पाचरीसारखा आकार होतो. मग दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. या पवित्र्याचं इंग्रजी नाव ‘स्नोप्लाउ’, म्हणजे बर्फाचा नांगर. नांगराचा फाळ खोल बसला की बैल दमतात, हे ज्याने पाहिलंय त्याला ही क्लृप्ती निराळी समजावावी लागत नाही. उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळण, डाव्यावर दिला की उजवीकडे. थांबणं आणि वळणं ही दोन कामं पहिल्या-दुसऱ्या दिवशी हाताशी आली की सौम्य उतारावरून माणूस आपल्या मर्जीने खाली येऊ शकतो. त्यापुढे मात्र दोन पट्ट्या ही बैलजोडीच. एकाने डावीकडे ओढ घेतली आणि दुसरा उजवीकडे निघाला की हाकणाऱ्याची तारांबळ. त्यांना समांतर ठेवून चालवणं, हे स्कीमधलं खरं कौशल्य, आणि ते यायला एका खेपेचे दिवस सहसा पुरत नाहीत.

यातही एक ऐतिहासिक बदल ध्यानात घ्यायला हवा, कारण स्कीबद्दलच्या पुष्कळ जुन्या समजुती त्याआधीच्या आहेत. पूर्वीच्या पट्ट्या लांब, अरुंद आणि जवळजवळ सरळ असत. त्या वळवायला अंगात जोर आणि हाताशी बरीच वर्षं लागत. 1993 च्या सुमारास स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने कमरेशी बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद अशी पट्टी बाजारात आणली. अशी पट्टी नुसती कडेवर कलंडवली की तिच्या आकारामुळेच वळण घेते. पाच-सात वर्षांत सगळ्यांनीच हा आकार उचलला. स्की शिकायला वर्षं लागतात, बोर्ड तीन दिवसांत येतो, ही तुलना त्या सरळ पट्ट्यांच्या काळातली आहे. आज भाड्याने मिळणाऱ्या सामानाला ती लागू पडत नाही.

आता फळीकडे वळू. स्नोबोर्डवर दोन्ही पाय पक्के जखडलेले असतात आणि माणूस आडवा उभा राहून खांद्यावरून पुढे पाहतो. फळीला दोन कडा, एक टाचांकडची आणि एक बोटांकडची. कोणत्याही क्षणी या दोहोंपैकी एकच कडा बर्फात असायला हवी, आणि वळताना भार एकीवरून दुसरीवर न्यावा लागतो. त्या मधल्या क्षणी उताराच्या खालच्या बाजूची कडा चुकून बर्फात रुतली, तर फळी जागच्या जागी थांबते आणि वरचा माणूस आपटतो. टाचेकडची रुतली तर माकडहाडावर नाहीतर डोक्याच्या मागच्या भागावर, बोटांकडची रुतली तर पसरलेल्या हातांवर. सावरायला दुसरा पाय मोकळा नसतो. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस टाचेच्या कडेवर आडवं घसरत राहायचं, मग झाडावरून गळणारं पान जसं डोलत उतरतं तसं डावी-उजवीकडे जायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी दोन वळणं एकमेकांना जोडली जातात. ती जोडली गेली की गाडी एकदम धावते, हे बोर्डवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ज्याच्या गाठीला पाचच दिवस आहेत त्याची गाडी धावू लागते तेव्हा परतीची गाडी भुसावळच्या वाटेला लागलेली असते.

दुखापतींचा हिशेब याच रचनेतून निघतो. बोर्डवर मनगट सर्वांत आधी जातं आणि नवख्यांचं तर हमखास. नॉर्वेत 5,029 स्नोबोर्डवाल्यांवर झालेली एक चाचणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना मनगटाला आधार देणारे पट्टे दिले, निम्म्यांना नाही. पट्टेवाल्यांत मनगटाच्या 8 दुखापती झाल्या, बिनपट्ट्यांत 29. पट्ट्याचा उपयोग तर यातून कळतोच, शिवाय हा धोका चाचणी घेण्याइतका ठळक आहे, हेही कळतं. आपल्याकडे बोर्ड भाड्याने देणारा असे पट्टे देईलच याचा भरवसा धरू नये, ते घरून न्यावेत. कापूस वेचणाऱ्याचं, शिंप्याचं, संगणकावर बसणाऱ्याचं, सोनाराचं पोट मनगटावर चालतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर ही त्याच्यासाठी नुसती गैरसोय नसते.

यावरचा आक्षेप रास्त आहे आणि माझ्या मते सर्वांत वजनदारही. मनगट सांधतं, गुडघा सहज सांधत नाही. स्कीमधली बदनाम दुखापत गुडघ्याच्या आतल्या दोरीसारख्या बंधाची. पट्टी लांब असते, ती एका बाजूला अडकली आणि शरीर दुसरीकडे वळलं की तो पीळ थेट गुडघ्यात जातो. बोर्डवर दोन्ही पाय एकत्र जखडलेले असल्याने असा पीळ कमी बसतो. जिथे मनगटाला दीड महिना लागतो तिथे गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि पुढचा व्यायाम मिळून बहुधा सहा-आठ महिने जातात. एवढं मान्य करूनही मी स्कीकडेच झुकतो, कारण नवखा माणूस सौम्य उतारावर, कमी वेगात असतो आणि बूट पट्टीला अडकवणाऱ्या स्कीच्या बाइंडिंगमध्ये ठरावीक जोर पडला की बूट सुटण्याची सोय असते. याच सोयीमुळे आणि उंच बुटांमुळे गेल्या काही दशकांत स्कीमधली नडगीची मोडतोड खूप घटली. गुडघ्याला तिने तितकं वाचवलं नाही, हे खरं. तेव्हा ज्याच्या गुडघ्याची आधीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्याचा गुडघा जिना उतरताना दगा देतो, त्याने हा लेख स्कीच्या बाजूने वाचू नये. हेल्मेट मात्र दोन्हीकडे, आणि त्यात घासाघीस नाही.

भारतातल्या उतारांचा विचार केला की पारडं आणखी झुकतं. युरोपातल्या बर्फावर नवख्यांसाठीसुद्धा सरकता पट्टा असतो. त्यावर उभं राहायचं, वर पोचायचं, घसरत यायचं. आपल्याकडे मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावर शिकणाऱ्या तुकड्या पुष्कळदा आपल्या पायांनीच चढतात. पायांत स्की असेल तर ती उताराला आडवी धरून, जिना चढल्यासारखं एकेक पाऊल वर टाकता येतं. फळी असेल तर ती सोडायची, काखोटीला मारायची, बर्फात गुडघाभर रुतत वर जायचं, खाली बसायचं, परत बांधायची. सपाट भाग आला की स्कीवाला काठ्या टेकत पुढे सरकतो, तर बोर्डवाला एक पाय सोडून लंगडत जातो. त्यात उंचीची भर. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 210 मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर. तिथल्या हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम पाऊणपट असतो. बसून उठण्याच्या प्रत्येक खेपेची किंमत तिथे वाढते, आणि बोर्डवर पहिल्या दिवशी अशा खेपा मोजाव्यात इतक्या होतात.

शिकवण्याची परंपराही स्कीचीच आहे. गुलमर्गला 1927 मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये सैन्याने तिथे जी प्रशिक्षणशाळा सुरू केली तिचीच पुढे उंचावरच्या युद्धाचं शिक्षण देणारी नामांकित संस्था झाली. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्की आणि गिर्यारोहणाची संस्था गुलमर्गलाच आहे. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था 1961 पासूनची. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग चालत आले आहेत. जोशीमठहून औलीला नेणारा रोपवे मात्र जानेवारी 2023 मध्ये शहराची जमीन खचू लागल्यावर बंद झाला, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने आधी रस्त्याची चौकशी करावी. बोर्ड शिकवणारे या सगळ्या ठिकाणी मिळतात, नाही असं नाही. पण सरकारी वर्गाची माफक फी, राहण्या-जेवण्यासकटची सोय आणि रोज ठरल्या वेळी सराव करून घेणारा प्रशिक्षक हे तिन्ही एकत्र हवं असेल तर त्या वर्गांचा कणा स्की आहे. ऑलिंपिकपर्यंत गेलेला गुलमर्गचा आरिफ खान 2022 मध्ये बीजिंगला उतरला तोही स्कीवर.

इथे जाणकार गुलमर्गचीच साक्ष उलटी काढतात. गुलमर्गची जगभर ख्याती आहे ती ताज्या भुसभुशीत बर्फाची, आणि अशा बर्फावर रुंद फळी तरंगते. मग तिथे जाऊन अरुंद पट्ट्या कशाला? बर्फाबद्दलचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो बर्फ कुठे आहे ते पाहावं. तिथल्या रोपवेचा, म्हणजे गंडोल्याचा, पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला, दुसरा 2005 मध्ये, आणि हा दुसरा टप्पा आफरवट शिखराच्या खांद्यावर जवळपास 3,950 मीटरपर्यंत नेतो. तो भुसभुशीत बर्फ त्या उघड्या डोंगरावर आहे. तिथे खुणा केलेली वाट थोडी, उतार तीव्र आणि हिमकडे कोसळण्याचा धोका कायमचा. फेब्रुवारी 2023 मध्ये आफरवटवर कोसळलेल्या हिमकड्याखाली पोलंडहून आलेले दोन अनुभवी स्कीवाले दगावले. नवखा शिकतो तो खाली, गोल्फच्या मैदानालगतच्या दाबलेल्या बर्फावर, आणि तिथे तरंगण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा आक्षेप तरुणांचा. स्की म्हणजे काकांचा खेळ, बोर्ड आपला. या भावनेलाही इतिहास आहे. स्कीच्या पट्ट्या युरोपच्या उत्तरेकडच्या दलदलींत हजारो वर्षं जुन्या सापडल्या आहेत. फळीचा जन्म मात्र 1965 च्या नाताळचा. अमेरिकेत मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की जोडून एक फळी केली, आणि पुढच्या दशकात जेक बर्टन यांच्यासारख्यांनी तिला पाय बांधण्याची सोय करून तिचा खेळ केला. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक स्कीकेंद्रांनी बोर्डवाल्यांना दारातच अडवलं होतं. युटामधलं आल्टा आजही अडवतं. ऑलिंपिकचं दार उघडलं ते 1998 मध्ये, नागानोला. वडीलधाऱ्यांनी हाकललेल्या खेळाला बंडाची झिंग असणारच, आणि त्या झिंगेसाठी कुणी बोर्ड निवडला तर त्याला नाव ठेवायचं कारण नाही. फक्त ती झिंग पहिल्या तीन दिवसांच्या आपटण्यात टिकते का, एवढं स्वतःला विचारून घ्यावं. बोर्डचे बूट मऊ असतात, त्यांत चालता येतं आणि पोटऱ्या आवळत नाहीत, हा मुद्दा मात्र मला भावनेपेक्षा वजनदार वाटतो. स्कीचे टणक बूट पहिल्या दिवशी बेडीसारखेच वाटतात.

मग बोर्ड कुणी घ्यावा? ज्याने स्केटबोर्ड चालवला आहे त्याचे पहिले दोन दिवस वाचतात, त्याच्यापुरता माझा हिशेब उलटतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कॅलगरीला, कोलोरॅडोत, स्वित्झर्लंडमध्ये गेलेल्या अमळनेरच्या किंवा शिरपूरच्या मुलाला बर्फ हा आठवड्याच्या सुट्टीचा शेजारी असतो; त्याने खुशाल फळी घ्यावी, दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत तो ऐटीत उतरेल. आई-वडील त्याच्याकडे आठ दिवसांसाठी गेले तर त्यांनी त्याच्या नादी लागू नये. सहा-सात वर्षांच्या मुलांना मात्र, दिवस कितीही असोत, सहसा स्कीच आधी द्यावं. त्यांना तोल सावरायला दोन मोकळे पाय लागतात, आणि ती पडतात तेव्हा जमिनीपासून मुळात दूर नसतात.

दिवस कमी, असं मी सारखं म्हणतो आहे त्याला आणखी एक बाजू आहे. शिकण्याजोगा बर्फ जानेवारीपासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. नेमक्या याच दिवसांत खान्देशात हरभरा-गहू काढणीला येतात, दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि लग्नाच्या तिथी. मोकळीक मिळते ती मे महिन्यात, तेव्हा खालचे उतार हिरवे झालेले असतात. आणि आता बर्फही आपली तारीख पाळत नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार कित्येक दिवस तपकिरी होते. 2025 मध्ये बर्फ नाही म्हणून तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले. सहा दिवस गाठीला बांधून निघालेल्याच्या हाती चारच लागू शकतात. चार दिवसांत स्कीवाला काहीतरी शिकून येतो, तर बोर्डवाल्याची वळणं जेमतेम जोडली जाताहेत तोवर परत निघायची वेळ होते.

तयारी घरीच सुरू करता येते. रस्त्यावरच्या चाकांच्या स्केट्समध्ये, विशेषतः चाकं एका रांगेत असलेल्या, माणूस समोर तोंड करून एका पायावरून दुसऱ्यावर भार देतो, म्हणजे स्कीचीच तालीम. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याची चढ-उतार आठवड्यातून दोनदा केली तरी मांड्या तयार होतात. उतरताना गुडघे वाकते ठेवण्याची सवय तर थेट कामाला येते. आणि एक गोष्ट खान्देशाने मन घट्ट करून ऐकावी: बर्फावर कापूस नको. ज्या पांढऱ्या सोन्यावर हा मुलूख उभा राहिला, ते घाम आणि बर्फाचं पाणी पिऊन ओलं राहतं आणि अंगाची ऊब खेचून घेतं. आतले कपडे आणि मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचेच हवेत. उन्हाची सवय आहे म्हणून चष्माही विसरू नये, कारण ताजा बर्फ अंगावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत किरणं परत फेकतो, तेही खालून, टोपीच्या झडपेच्या आतून.

भाड्याच्या दुकानात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. बाइंडिंगवर आकड्यांची एक छोटी खिडकी असते आणि शेजारी स्क्रू. त्या आकड्यावर ठरतं, पडताना बूट किती जोराला सुटणार. तो आकडा माणसाचं वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि सराव पाहून लावायचा असतो, आणि नवख्यासाठी तो कमी असतो. आधीच्या गिऱ्हाइकासाठी घट्ट केलेला स्क्रू तसाच ठेवून पट्ट्या हातात दिल्या, तर गुडघा वाचवणारी सोय नावालाच उरते. दुकानदाराने वजन विचारलं नाही तर आपण होऊन सांगावं, आणि तो स्क्रूड्रायव्हर उचलेपर्यंत काउंटर सोडू नये.